सोमवारचे पाहुणे

जळगाव बघायला म्हणून जळगावला आलेला परदेशी माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझं वय छप्पन्न आहे आणि सगळी नोकरी याच गावात झाली, तेव्हा ही माहिती पक्की समजावी. लोक इथे उतरतात, एवढंच. पहाटेच्या गाडीने उतरतात, डोळे चोळत स्टेशनाबाहेर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो अजिंठ्याचा. किती लांब, किती वेळ, गाडी कुठून. अजिंठा आमच्या जिल्ह्यातही नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे. तरी आमच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आणि लग्नाच्या हॉलच्या दारांवर तीच, हातात कमळ धरून मान कलती केलेली आकृती रंगवलेली असते. शेजाऱ्याच्या घरातला फोटो आपल्या दिवाणखान्यात लावून आम्ही पाहुण्यांची वाट बघतो.

धुळ्याचं त्या मानाने बरं आहे. माझी सासुरवाडी धुळ्याची. तिथे परदेशी माणूस उतरतच नाही, आग्रा रोडने गाड्या सरळ निघून जातात, त्यामुळे अपेक्षा नाही आणि अपमानही नाही. बायकोला मी हे म्हणून दाखवलं की ती म्हणते, तुम्हाला तुमच्या गावाची लाज वाटते की अभिमान, ते एकदा ठरवा. मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही चुकीच्या वेळी वाटतं.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. सगळ्या माहितीपुस्तकांत हे छापलेलं आहे, तरी दर हिवाळ्यात काही लोक नेमके सोमवारीच येऊन पडतात. कुणी तारखेचा घोळ घातलेला असतो, कुणाची आधीची गाडी चुकलेली असते. मग ते स्टेशनजवळच्या हॉटेलात अडकतात आणि तिथला मॅनेजर मला फोन करतो. मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. सकाळचं सत्र असल्यामुळे बारा वाजता मोकळा होतो. "सर, दोन नग आलेत, दुपार तेवढी घालवून द्या," असं तो म्हणतो. पंधरा वर्षं मी अशा नगांच्या दुपारी घालवत आलो. म्हणजे ज्या परदेशी लोकांनी माझं गाव पाहिलं, त्यांनी ते चुकून पाहिलं.

आणि दाखवायचं तरी काय? मी सराफ बाजारात न्यायचो. इथल्या सोन्याचं नाव आहे, लांबलांबून लोक लग्नाची खरेदी करायला येतात, हे सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि दुकानाबाहेर बसलेल्या गायीचा फोटो काढायचे. मेहरूणच्या तलावावर नेलं तर विचारायचे, इथे पोहतात का? केळीचे घड भरलेले ट्रक दाखवले तर म्हणायचे, केळी आमच्याकडेही मिळतात. एकाला मी मोठ्या कौतुकाने डाळ मिल दाखवली. त्याने नाकाला रुमाल लावला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. मला राग यायचा, पण मला इंग्रजीत चिडता येत नाही. इंग्रजीत मी फार सभ्य माणूस आहे.

माझ्या या उद्योगाकडे घरात एकाच माणसाचं बारीक लक्ष असायचं, ते म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा मूळचे अमळनेर तालुक्यातले. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांची तीस वर्षं गेली. काम एकच, लाकडी खोक्यांवर पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगाने इंग्रजी अक्षरं उमटवायची. माल कुठला, जायचा कुठे, वरची बाजू कोणती. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण इंग्रजीची मोठी अक्षरं त्यांच्याइतकी सरळ मी कुणाची पाहिली नाहीत. साच्यातल्या अक्षराला मध्ये थोडी फट असते, नाहीतर आतला तुकडा गळून पडेल. आबांच्या हाताला तीच सवय लागली होती. कागदावर पेनाने लिहितानाही ते गोल अक्षर कधी पुरं जोडत नसत.

निवृत्त झाल्यावर ते जळगावला आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती आणली. ती त्यांनी नागपूरहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेली होती, वाटेत कुठे खालीसुद्धा ठेवली नव्हती. पुढच्या खोलीत, दारातून आल्याबरोबर दिसेल अशी ती मांडली, वर निळ्या कोटातली तसबीर लावली. सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती आणि वंदना. मला ती मूर्ती आतल्या खोलीत असती तर बरं वाटलं असतं. तसं मी एकदा सुचवलं होतं. आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मी सोमवारचे पाहुणे फिरवून आलो की आबा विचारायचे, कुठले होते, काय म्हणाले, काय खाल्लं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"तू त्यास्ले मरेल बुद्ध दखाडस. आपला घरना जित्ता बुद्ध कव्हय दखाडशी?"

मेलेला बुद्ध म्हणजे लेण्यांतला, जिता म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतला. लेणी मी दाखवत नव्हतोच, लेणी बंद असायची म्हणून तर ते पाहुणे माझ्या वाट्याला यायचे. पण आबांचा मुद्दा बरोबर होता. एवढे लोक समुद्र ओलांडून येतात ते बुद्धाची चित्रं बघायला. त्याच बुद्धाला रोज हात जोडणारी घरं स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. "एक डाव लई ये. च्या पीतीन, घडीभर बसतीन, दुसरं काय?" आबा म्हणायचे. त्यांना दुसरं काहीच नको होतं. अजिंठ्याला आलेला एक तरी माणूस आपल्या घरी यावा, मूर्तीसमोर बसावा, आणि आम्ही अजून आहोत हे त्याने बघून जावं, एवढंच ते मागत होते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी दर वेळी कारण काढायचो. आज त्यांना वेळ नव्हता, बाईचं पोट बिघडलं, गल्लीत गटारीचं काम निघालंय. कारणं काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

खरं कारण आता लिहून टाकतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून काही कळत नाही. कॉलेजात मी लागलो तेव्हा सहकाऱ्यांनी आपापल्या समजुतीने मला कुठेतरी बसवलं आणि मी तिथे बसून राहिलो. मी कधी खोटं बोललो नाही. कुणी विचारलंच नाही, आणि कुणी विचारू नये याची मी काळजी घेतली. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. लोकांना घरी बोलवायचं नाही, बस. पंचवीस वर्षांत स्टाफरूममधला एक माणूस माझ्या घरी चहाला आलेला नाही. परदेशी पाहुणे आणले असते तर हॉटेलची गाडी आली असती, ड्रायव्हर आला असता, मॅनेजरला कळलं असतं, आणि मग गावाला. घरात आबा उघडपणे मूर्ती मांडून बसले होते आणि मी दारावर पहारा देत होतो.

अशातच एका हिवाळ्यात हॉलंडचं एक जोडपं आलं. दोघं सत्तरीच्या आसपास. नवरा उंच, शांत, गळ्यात कॅमेरा. बाई बडबडी, पांढरे केस बारीक कापलेले. तिने हॉटेलच्या जिन्यातच मला सांगून टाकलं की ती वीस वर्षं ध्यानाला बसते, स्वतःला बौद्ध समजते आणि हा प्रवास तिने फक्त अजिंठ्यासाठी केला आहे. सोमवारची चूक नवऱ्याची होती, हेही सांगितलं. आबा ज्याची वाट बघत होते तो पाहुणा हाच, हे मला त्या क्षणी कळलं.

कॉलेजातून घरी डबा ठेवायला गेलो होतो तेव्हाच मॅनेजरचा फोन आला होता, आणि आबा समोर बसलेले होते. लपवायला जागा नव्हती. "आज आणतो," असं मी म्हणून गेलो. सहा वाजता, चहाला. बायकोला काय वाटलं कोण जाणे, तिने चहावर न भागवता मांडे करायचं काढलं. मागच्या अंगणात चूल पेटवली, खापर उलटं घातलं. आबांनी मूर्ती ओल्या फडक्याने पुसली, कपाटातला इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. दुपारचे दोनही वाजले नव्हते.

पाहुण्यांचं जेवण मी घरातूनच फोन करून ठरवलं होतं. आसोद्याच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा केळीचा मळा आहे. थंडीत त्यांच्याकडे भरताची पार्टी असते, आणि असा पाहुणा असला की ते मलाही बोलावतात. आमच्याकडे भरीत हा कार्यक्रम असतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हातभर लांब हिरवी वांगी भाजायची, सालं काढून ती बडजीत, म्हणजे लाकडाच्या कोरीव भांड्यात, दांडक्याने ठेचायची. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेलाची धार. सोबत कळण्याच्या पुऱ्या. या एका गोष्टीसमोर परदेशी माणूसही केळी आमच्याकडे मिळतात असं म्हणत नाही.

त्या दिवशी मळ्यावर मालकाशिवाय सात-आठ मंडळी होती. गावातले दोन वकील, एक निवृत्त अधिकारी, आमच्याच संस्थेच्या संचालक मंडळावरचे एक गृहस्थ. मालकांनी माझी ओळख "आमच्या पोराचे इंग्रजीचे सर" अशी करून दिली. बाईने ठेचायला मागितलं, तिला जमेना, मग मी दांडकं हातात घेतलं आणि ती शेजारी बसून हसत राहिली. नवऱ्याने फोटो काढला. सगळं छान चाललं होतं. जेवताना ती मला म्हणाली, उद्या मी ज्यांची लेणी बघणार, त्यांच्यापैकी इथे आता कुणी आहे का? या गावात बौद्ध राहतात का?

ती मोठ्याने बोलायची. सगळे ऐकत होते. दोन्ही वकिलांना इंग्रजी उत्तम कळत होतं, संचालकांनाही कळत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं आणि ते काम माझं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, मी आहे, आणि माझे वडील पांढरा शर्ट घालून तुमची वाट बघताहेत. इंग्रजीत हे अगदी सोपं वाक्य होतं.

मी म्हणालो, "आता कुणी नाही. तो सगळा इतिहास झाला."

तिने मान हलवली. तिच्या पुस्तकातही असंच लिहिलं होतं म्हणे. मग विषय पुऱ्यांच्या पिठावर गेला आणि मी ज्वारी नि उडीद यांचं प्रमाण समजावून सांगितलं.

निघताना मालक गाडीपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "सर, बाईले नाही काहाले म्हटलं? आपल्या गावातच विहार हाये ना त्या लोकायचा. दाखवला असता." त्यांच्या मनात काही नव्हतं. उलट पाहुणीची सोय व्हावी म्हणूनच ते बोलत होते. "वेळ नव्हता," मी म्हणालो. 'त्या लोकांचा' हे शब्द मला टोचले, पण टोचून घ्यायचा हक्क मी अर्ध्या तासापूर्वीच घालवला होता.

गाडी मी सरळ हॉटेलवर घ्यायला सांगितली. साडेपाच वाजले होते. बाई उतरताना म्हणाली, अजून उजेड आहे, काही बघायचं राहिलंय का? मी म्हणालो, नाही, एवढंच आहे आमचं गाव.

घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले होते. पांढरा शर्ट, पायात चपला, जणू कुठे जायचंय. आतून तुपाचा आणि पुरणाचा वास येत होता.

"उनात का त्या?"

"नाही आबा. दमले होते. बाईंचं डोकं दुखत होतं."

आबांनी माझ्या मागे रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. "थकी गया व्हतीन," ते म्हणाले. "वय हुई गयं त्यास्नं." मग आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला. बायकोने मागच्या अंगणातली चूल पाणी मारून विझवली. तिला काहीतरी कळलं होतं. मांडे आम्ही चौथ्या दिवसापर्यंत खात होतो.

दोन-तीन महिन्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत मळ्यावरचा फोटो होता. मी दांडकं धरलेला, बाई हसणारी, मागे धूर. फोटोच्या पाठीवर तिने मोठ्या, सुट्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या होत्या. त्या दुपारबद्दल आभार. दुसऱ्या दिवशी मी लेण्यांत खूप वेळ बसले. ज्यांनी हे घडवलं त्यांचं तुमच्या गावात आता कुणीच उरलेलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

फोटो मी कॉलेजातच फाडून टाकायला हवा होता. ते न करता तो पिशवीत टाकला आणि पिशवी घरी नेली. आबांच्या हातात तो कसा गेला ते आठवत नाही. त्यांनी दोन्ही बाजू निरखल्या आणि विचारलं, "काय लिखेल शे?"

"आभार मानलेत. पुढच्या वेळी आपल्या घरी येऊ म्हणतात."

आबांनी तो फोटो मूर्तीशेजारी, भिंतीला टेकवून उभा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बाई दाखवायचे. "हाई बाई आपला घर येनार शे." अधूनमधून मला विचारायचे, "मंग कव्हय येतीन?" मी म्हणायचो, बघू, पुढच्या थंडीत. रोज ते मूर्तीसमोर वंदना म्हणायचे, आणि शेजारी त्या ओळी भिंतीकडे तोंड करून उभ्या असायच्या. मी त्या बाजूला बघायचं टाळायचो. पुढे एक दिवस त्यांनी विचारायचं बंद केलं. येणाऱ्यांना फोटो दाखवणंही थांबलं. वय झालं, विसरले असतील, असं मला वाटलं. सुटलो असंही वाटलं, ते कशाला नाकारू.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. बायको म्हणाली, त्यांच्या फोटोला फ्रेम करून आणा, आणि तो मळ्यावरचा पण घेऊन जा, मेणबत्तीच्या धुराने पिवळा पडलाय. मी दोन्ही फोटो एका पाकिटात घालून फ्रेमवाल्याकडे दिले. त्याने आधी आबांचा बसवला. मग मळ्यावरचा उचलला, पालथा केला, पुठ्ठा कापायला घेतला आणि थांबला.

"सर, मागे पत्ता आहे. पुठ्ठ्याने झाकला जाईल. चालेल ना?"

"पत्ता नाही, मजकूर आहे. झाका."

"मजकूर वर आहे. खाली पत्ता आहे की."

त्याने फोटो माझ्या हातात दिला. बाईच्या चार ओळींखाली, काळ्या पेनाने, इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांत आमच्या घराचा पत्ता लिहिलेला होता. घर नंबर, गल्ली, जवळची खूण, जळगाव, पिनकोड. अक्षरं खोक्यावर उमटवल्यासारखी सरळ होती. गोल अक्षरांत मध्ये फट होती.

त्या ओळी आबांनी एकेक अक्षर जुळवून स्वतः लावल्या की कुणाकडून वाचून घेतल्या, मला माहीत नाही. आता विचारता येणार नाही. कधी लिहिलं ते मात्र मी सांगू शकतो. ज्या दिवसापासून त्यांनी मला विचारायचं बंद केलं, त्या दिवशी. ती बाई ते वाचणार नव्हती, फोटो कुठे जाणार नव्हता. तरी तिने कुणी नाही असं लिहिलेलं होतं आणि त्यांनी त्याच्या खाली आपला पत्ता दिला. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतरही रोज दुपारी मी कॉलेजातून आलो की मला पाणी द्यायला ते सुनेला सांगायचे.

"सर, काय करायचं?" फ्रेमवाला म्हणाला.

"दोन्हीकडून काच लावा."

"लावतो. पण भिंतीला टांगल्यावर मागचं कोण बघणार?"

"भिंतीला टांगायची नाहीये," मी म्हणालो.